मिल्डा गेली त्या हिवाळ्यात

टोर्सडाल गावाचा इतिहास लिहायचं काम सिग्ने हाउग्रुडकडे आलं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. गावच्या शाळेत तिने एकतीस वर्षं शिकवलं होतं. शाळा बंद पडून सात वर्षं झाली होती आणि मुलं आता पिवळ्या बसने वीस मैलांवरच्या मोठ्या गावी जात होती, पण पन्नाशीला टेकलेले शेतकरीसुद्धा तिला अजून 'बाई'च म्हणत आणि तिच्यासमोर टोपी काढत. तिची स्मरणशक्ती हा गावाचा चेष्टेचा आणि अभिमानाचा विषय होता. कुणाचा कितवा वाढदिवस, कुणाच्या आजोबांनी कुठल्या साली विहीर खणली, कुठल्या वर्षी गारांनी गहू झोडपला, हे लोक घरात शोधत बसत नसत. सरळ बाईंना विचारत.

पुढच्या वर्षी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताला पंच्याहत्तर वर्षं पुरी होणार होती आणि त्या निमित्ताने आसपासचं प्रत्येक गाव आपापलं पुस्तक काढत होतं. प्रत्येक घराने आपल्या घराण्याची दोन पानं लिहायची आणि 'गाव आणि परिसर' हे पहिलं प्रकरण बाईंनी लिहायचं, असं ठरलं. सिग्नेने ते सप्टेंबरात, कापणीच्या दिवसांत लिहिलं. नवरा आर्विद दिवसभर कापणीयंत्रावर असायचा, घर शांत असायचं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती एकेक ओळ मोठ्या चवीने रचायची. रेल्वेच्या रुळांलगतचं धान्याचं उंच लाकडी कोठार, जे आठ मैलांवरून दिसतं आणि ज्याच्याकडे बघत बर्फात वाट चुकलेला माणूस घरी येतो, एक दुकान, त्यातच पोस्ट, दोन चर्च, एक नॉर्वेच्या लोकांचं, एक युक्रेनच्या, मैलामैलावर काटकोनात छेदणारे खडीचे रस्ते, वसंतात बदकांनी भरणाऱ्या पाणथळ जागा, एक्याऐंशी माणसं. शेवटी तिने लिहिलं: 'पूर्वेच्या रस्त्यावर आमचं घर शेवटचं. त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, कधीच कुणी राहिलं नाही. तिथे पाणथळ आहे आणि तिच्यापुढे आकाश.'

हे वाक्य तिला फार आवडलं होतं.

प्रकरण दुकानातल्या फळीवर टाचून ठेवलं, म्हणजे लोकांनी वाचावं आणि चुका पेन्सिलीने दाखवाव्यात. पंधरा दिवसांनी तिने ते काढून आणलं तेव्हा समासात बरंच काही लिहिलेलं होतं. लोण्याचा कारखाना एकोणीसशे एकवीस साली नव्हे, बावीस साली. ओप्सेट घराण्याचं नाव दोन 'ट'कारांनी लिहावं. एकाने विनोदाने लिहिलं होतं, 'एक्याऐंशी नाही, ऐंशी. माझा मेहुणा माणसात धरू नये.' शेवटच्या ओळीपाशी मात्र कुणी काहीच लिहिलं नव्हतं. फक्त तेवढ्या जागी कागद मळला होता, जणू बरीच बोटं त्या ओळीवर थांबून पुढे गेली होती.

त्यानंतर घरोघरची पानं येऊ लागली.

ओप्सेटांच्या पानांत एक वाक्य होतं: 'मिल्डा गेली त्या हिवाळ्यात आमच्या गोठ्याचं छप्पर उडालं.' सिग्नेने ते वाचलं आणि पेन्सिलीने बाजूला लिहिलं, 'मिल्डा कोण? गाय?' दुसऱ्या घरच्या पानांत नवा ट्रॅक्टर 'मिल्डा गेली त्याच्या आदल्या वर्षी' आला होता. तिसरं पत्र पश्चिम किनाऱ्यावर राहायला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. तिला टोर्सडालची आठवण म्हणून कोठार आठवत होतं, घसरगुंडी आठवत होती, आणि मिल्डाने तिच्या झग्याला लावून दिलेली निळी लेस. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अकरा घरांची पानं आली आणि त्यांतल्या सात ठिकाणी हे नाव होतं. कुठेही ते समजावून सांगितलेलं नव्हतं. ज्या सहजपणे लोक 'महायुद्धानंतर' म्हणतात, त्याच सहजपणे ते म्हणत होते, 'मिल्डा गेली त्यानंतर'.

एके दिवशी ती दुकानात गेली तेव्हा नेस्टर वोलोशिन खिळे तोलत होता. दुकान आणि पोस्ट दोन्ही तोच चालवायचा. चौथीत असताना तो वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि अजूनही तिच्याशी बोलताना हात पाठीमागे घ्यायचा.

"काय रे नेस्टर," ती हसत म्हणाली, "ही मिल्डा म्हणजे ओप्सेटांची घोडी होती की काय? एक घोडी मेली म्हणून सगळं गाव तिच्यावरून वर्षं मोजतंय!"

नेस्टर आधी हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने खिळ्यांचं पारडं खाली ठेवलं.

"बाई, तुमचं ते वाक्य तसंच राहू द्या. कुणाची काही हरकत नाही."

"कुठलं वाक्य?"

"समोर कुणी राहिलं नाही, ते. आम्ही बोललो सगळे आपसात. बाईंना तसं हवं असेल तर तसंच राहू दे, असं ठरलं." मग गल्ल्याकडे बघत तो म्हणाला, "घरच्या पानांतून नाव काढायचं असेल तर तेही काढा. मी सांगेन लोकांना."

"अरे, पण कुणाचं नाव?"

नेस्टरने पाठीमागचे हात पुढे घेतले आणि पुन्हा खिळे तोलायला लागला, आणि सिग्नेच्या लक्षात आलं की तो तेच खिळे दुसऱ्यांदा तोलतो आहे.

घरी परतताना तिने गाडी फार हळू चालवली. आकाशातून बदकांची रांग दक्षिणेकडे चालली होती. कुठल्यातरी मूर्ख गैरसमजात आपण सापडलो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती.

दुपारी जेवायला आर्विद आला. त्याने हात धुतले, पावाचा तुकडा कापला, त्याला लोणी लावायला लागला.

"आर्विद, मिल्डा कोण?"

सुरी थांबली नाही. ती पावाच्या कडेपर्यंत गेली, परत आली, पुन्हा कडेपर्यंत गेली.

"हे नाव कुणी काढलं?"

"सगळ्यांनीच. सात घरांनी लिहिलंय."

"म्हातारे झालेत सगळे."

"नेस्टर सत्तेचाळीस वर्षांचा आहे."

"अगं, पण आता कशाला ते?"

"आता कशाला, म्हणजे तेव्हा काहीतरी होतं."

आर्विदने पाव न खाताच बशीत ठेवला. तो चांगला माणूस होता. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. उठताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला.

"तू विसरलीस ते बरंच झालं, असं मला वाटायचं," तो म्हणाला. मग टोपी घालून बार्ली बघायला निघून गेला.

सिग्नेने त्या दुपारी माळ्यावरून शाळेचे जुने हजेरीपट काढले. ओप्सेटांच्या गोठ्याचं छप्पर उडालं ते एकोणीसशे छप्पन सालच्या मार्चमधल्या वादळात, एवढं तिला पक्कं माहीत होतं. त्या वर्षीच्या पटावर चौदा मुलं होती. डोळे मिटून तिने चौदाही नावं बाकांच्या क्रमाने म्हटली, आणि पट उघडून पाहिला तर एकही चुकलं नव्हतं. वादळाचे चार दिवस शाळा बंद होती. तेही तिला आठवत होतं: खिडकीच्या अर्ध्या तावदानापर्यंत चढलेला बर्फ, चुलीजवळ फुगत ठेवलेली पावाची कणीक, तिने आणि आर्विदने टेबलाशी बसून खेळलेले पत्ते. पत्त्यांची पाठ लाल होती. आर्विदच्या कोपरावर ठिगळ होतं. सगळं अगदी स्वच्छ होतं, चौकटीत लावलेल्या चित्रासारखं, आणि जितका जास्त वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली तितकी तिला त्याच्या स्वच्छपणाचीच भीती वाटू लागली. दुसऱ्या कुठल्याही आठवणीत तिला कुणाच्या कोपरावरचं ठिगळ आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाराश्का मावशीकडे गेली. मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. पूर्वी गावातली सुईण. ती ओट्याशी बसून बटाट्याचं सारण भरून करंज्यांसारख्या व्हरेनिकी वळत होती. सिग्नेला दारात बघून तिने मान हलवली.

"आलीस? बस. मला वाटलं, मी मेल्यावर थडग्याशी येऊन विचारशील."

"मावशी, मला खरंच काही आठवत नाही. तुम्ही सगळे माझी थट्टा करताय, असं वाटतंय मला."

"माझ्या नातवंडांचे वाढदिवस मला आठवत नाहीत, तुला आठवतात. आणि तू म्हणतेस आठवत नाही!" पाराश्काने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिच्या आवाजातला टोमणा गेला. "अगं बाई. खरंच की काय?"

सिग्नेने होकारार्थी मान हलवली.

"तुमच्या समोरच राहायची," पाराश्का म्हणाली. "लॅटव्हियाची. युद्धात घरदार, माणसं, सगळं गेलेलं. एकोणपन्नास साली आली, त्या मोडक्या घरात एकटी राहिली. शिवणकाम करायची. तिला इंग्रजी तू शिकवलंस. दर गुरुवारी शाळा सुटली की ती तुझ्याकडे, नाहीतर तू तिच्याकडे. बहिणी म्हणायचे लोक तुम्हांला."

"आणि?"

"आणि त्या शेवटच्या हिवाळ्यात बोलणं बंद झालं. का ते तूही सांगितलं नाहीस, तिनेही नाही. आर्विद तिला लाकडं फोडून द्यायचा, तेही थांबलं. लोक काय, बोलतात. मी नाही विचारलं." तिने एक करंजी मिटली, कडा दाबल्या. "मग ते वादळ आलं. तिच्याकडे जळण संपलं असणार. चौथ्या दिवशी पोरं बघायला गेली तर दार सताड उघडं आणि घरात बर्फ. बर्फ वितळल्यावर एप्रिलात सापडली."

"कुठे?"

पाराश्काने पिठाचे हात झटकले.

"तुमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर. पण तोंड तिच्या घराकडे होतं. म्हणजे ती येत होती की परत जात होती, यावर पोरांचा वाद झाला. मी म्हटलं, गप्प बसा, वादळात माणूस गोल गोल फिरतो." ती उठली आणि तिने सिग्नेसमोर कॉफी ठेवली. "तू अंत्यविधीला आलीस. गाणंसुद्धा म्हटलंस. त्यानंतर तिचं नाव कधी तुझ्या तोंडून आलं नाही. आम्हांला वाटलं, दुःख झालंय पोरीला. म्हणून आम्हीही तुझ्यासमोर काढलं नाही. तेवीस वर्षं झाली त्याला."

सिग्नेने कॉफीचा घोट घेतला. चेहरा आठवायचा तिने फार प्रयत्न केला. उंच की बुटकी, केस कुठल्या रंगाचे, काहीच नाही. एखाद्या अनोळखी गावातल्या अनोळखी बाईची गोष्ट ऐकावी तसं तिने ते ऐकलं होतं, आणि तरी घरी येताना तिला दोनदा गाडी थांबवून श्वास घ्यावा लागला.

गाडी अंगणात लावून ती घरात गेली नाही. तशीच रस्ता ओलांडून पलीकडे गेली. लख्ख ऊन होतं आणि वारा अजिबात नव्हता. तिथे काय आहे हे तिला माहीत होतं, कारण ती ते रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आली होती: पाणथळ, गवत, कारागानाची झुडपं. झुडपांशी पोचल्यावर तिला पहिल्यांदाच जाणवलं की ती एका सरळ रांगेत आहेत. आणि पुढे काटकोनात वळली आहेत. कारागाना आपोआप अशी उगवत नाही. वारा अडवायला माणूस ती घराभोवती लावतो. हे तिने स्वतः कितीतरी वर्षं मुलांना भूगोलात शिकवलं होतं.

आत चौकोनी खड्डा होता, तळघराचा. त्यात तुटके वासे आणि गवत. बाजूला रुबार्बचा, त्या आंबट देठांच्या भाजीचा, जुना वाफा. पहिल्या कडक गारठ्याने मोठी पानं काळी पडून जमिनीला चिकटली होती. दाराची पायरी म्हणून टाकलेला सपाट दगड अजून होता. त्यावर उभं राहून तिने मागे वळून पाहिलं.

तिचं घर फार जवळ होतं. तिच्या खिडकीतून ही जागा नेहमी लांब वाटायची. इथून मात्र तिच्या ओट्यावरची किटली दिसत होती, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला रुमाल दिसत होता. आर्विद टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने खिडकीतून बाहेर, सरळ तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातला कप निसटला. फुटल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही. त्याला ती कोण वाटली, हे तिने नंतर विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. ते वाक्य तसंच ठेवून चालणार नव्हतं. सगळं गाव आपल्याला सांभाळून घेतंय, ही गोष्ट तिला मिल्डाबद्दल जे कळलं त्यापेक्षाही असह्य झाली होती. आपण नीट, सभ्यपणे चार ओळी लिहायच्या, पाराश्काने सांगितलं तेवढंच, आणि विषय संपवायचा, असं तिने ठरवलं. आर्विद बाहेर यंत्राला तेल देत होता. टेबलावर ऊन पडलं होतं.

'आमच्या समोर मिल्डा राहत असे,' तिने लिहिलं. पुढच्या ओळीसाठी तिला विचार करावा लागला नाही, त्याच्या पुढच्यासाठीही नाही. शिकवताना फळ्यावर हात चालायचा तसा तिचा हात चालत राहिला. चार ओळींचं एक पान झालं. सही केल्यासारखी तिने शेवटी रेघ ओढली, पान वाळवलं आणि पुन्हा न वाचता पाकिटात घातलं. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. जाताना तिने आर्विदला हाक मारून सांगितलं, "पान देऊन येते." त्याने तेलाचे हात वर करून हलवले.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नेस्टरने चष्मा लावला आणि गल्ल्यामागे उभा राहून पान वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा मऊ झाला.

"छान लिहिलंय, बाई," तो म्हणाला. "आठवलं म्हणजे तुम्हांला सगळं."

"नाही रे. मावशीने सांगितलं ते उतरवलं."

तो पुढे वाचत गेला. मग त्याने पान जरा डोळ्यांजवळ धरलं.

"हे कुणी सांगितलं?"

"काय?"

त्याने मोठ्याने वाचलं, शाळेत वाचायचा तसं, शब्द सुटे सुटे करून. "'तिने उजव्या हातातला मोजा काढला होता, कारण जाड मोज्याने दार वाजवलं तर आत ऐकू येत नाही. सगळी बोटं पांढरी पडली होती. मग तिने मोजा पुन्हा चढवला आणि ती वळली.'"

सिग्ने त्याच्याकडे बघत राहिली. ती वाक्यं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मावशीनेच सांगितलं असेल," ती म्हणाली.

"मावशी नव्हती तिथे. तिला शोधून काढलं ते मी आणि ओप्सेटांच्या मोठ्याने." नेस्टरने चष्मा काढला. आता त्याचे हात पाठीमागे नव्हते. "दोन्ही हातांत मोजे होते, बाई. अगदी मनगटापर्यंत नीट ओढलेले. मोजा कधी काढला होता, असं कुणालाच कधी वाटलं नाही."

बाहेर रुळांवरून रिकाम्या डब्यांची मालगाडी जायला लागली होती. मग नेस्टरने ते पान घडी घालून पाकिटात घातलं, पाकीट तिच्या पुढ्यात सरकवलं आणि नजर न उचलता म्हणाला, "बाई, तुमचं आधीचंच वाक्य बरं होतं."

तिने पाकीट उचललं नाही. ते तिथेच ठेवून ती बाहेर आली.

घरी पोचली तेव्हा आर्विद फाटकाशी उभा होता. हातांचं तेल त्याने अजून पुसलं नव्हतं. तिच्यासाठी त्याने फाटक उघडलं, ती आत आल्यावर लावलं, आणि कडी घालता घालता, तिच्याकडे पाठ असतानाच विचारलं,

"दिलंस पान?"

"दिलं."

कडी बसली होती, तरी त्याचे हात तिथेच राहिले.

"मोज्याचं नाही ना लिहिलंस?"